मोडीतले कथील

घरातला पितळी तांब्या चेपला, परातीला चीर गेली, की आपल्याकडची बाई ते भांडे टाकून देत नाही. ती ते दुकानात नेऊन मोडीत घालते. दुकानदार वजन करतो, घट धरतो, मोडीचा भाव सांगतो आणि नव्या भांड्याच्या किमतीतून तेवढी रक्कम वजा करतो. व्यवहार दहा मिनिटांचा. पण त्या दहा मिनिटांत तराजूच्या एका बाजूला जाणकार असतो आणि दुसऱ्या बाजूला अजाण. भांड्यात कोणता धातू किती आहे हे घेणाऱ्याला कळते, देणाऱ्याला कळत नाही. मोड घेणाऱ्याविषयी जगभर जो संशय आहे, त्याचे मूळ आम्हांला या एका गोष्टीत दिसते.

आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. इतिहासाच्या तासाला तख्त, तह आणि लढाया शिकवताना समोरच्या बाकांवर कल्हईवाल्यांची, भंगारवाल्यांची, गॅरेजवाल्यांची मुले बसलेली असतात. त्यांच्या बापदादांच्या हातातल्या इल्माला पाठ्यपुस्तकात जागा नाही. मुस्लिम समाजाचा इतिहास लिहिणारेही बहुधा दरबाराच्या दारापाशी थांबतात. म्हणून या लेखात आम्ही एका मामुली वस्तूच्या मागे जाणार आहोत. ती म्हणजे जुने, मोडीत निघालेले, पुन्हा वितळवून ओतण्यासाठी विकत घेतले जाणारे कथील, आणि त्याहूनही नेमके सांगायचे तर प्यूटर.

प्यूटर या शब्दाला मराठीत रूढ प्रतिशब्द नाही, कारण ही वस्तू आपल्या स्वयंपाकघरात कधी आलीच नाही. प्यूटर म्हणजे बहुतांश कथील असलेला मिश्रधातू. नुसते कथील फार मऊ, म्हणून त्यात थोडे तांबे, पुढच्या काळात अँटिमनी, आणि स्वस्तात काम भागवायचे असेल तर शिसे घालत. युरोपात पाचसहाशे वर्षे ताटल्या, पेले, सुरया, मीठदाण्या, चमचे याच धातूचे असत. गरिबाच्या घरी लाकूड, अमिराच्या घरी चांदी आणि मधल्या सर्वांच्या घरी प्यूटर. आपल्याकडे ते का आले नाही, याचे उत्तर चुलीत आहे. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळते. आपली भांडी जाळावर चढतात. प्यूटरच्या पातेल्यात फोडणी दिली असती तर पातेलेच चुलीत सांडले असते! त्यामुळे आपल्याकडे कथील भांडे न होता भांड्याच्या आतले अस्तर झाले. रिकामे कल्हईचे पातेले जाळावर विसरले तर कल्हई गोळा होऊन तळाशी येते, हे आपल्या आयाबहिणींना कोणत्याही प्रयोगशाळेविना ठाऊक होते.

या ‘कल्हई’ शब्दाचा प्रवास ऐकण्यासारखा आहे. तो अरबी ‘कलई’वरून आला, आणि ‘कलई’ म्हणजे ‘कलाह’ येथला. कलाह हे मलाया द्वीपकल्पाच्या पश्चिम किनाऱ्यावरचे बंदर. बरेच अभ्यासक ते आजच्या मलेशियातील केदाहच्या परिसरात मानतात. नवव्या शतकातील इब्न खुर्दाजबिह आणि दहाव्या शतकातील प्रवासी अबू दुलफ या दोघांनीही तिथल्या कथलाच्या खाणींचा उल्लेख केला आहे. अरबीत कथलाला ‘रसास कलई’ म्हणत, म्हणजे शब्दशः कलाहचे शिसे. कथील आणि शिसे ही जणू एकाच धातूची गोरी-काळी भावंडे, अशी त्या काळची समजूत होती आणि ती युरोपातही होती. दिसायला जवळ, मऊपणात जवळ, आणि किमतीत मात्र जमीनअस्मानाचा फरक. मोड घेणाऱ्याच्या सगळ्या कसोट्या आणि सगळ्या लबाड्या या साम्यातून जन्मल्या आहेत.

मलायातले हे कथील आमच्या कोकणाला परके नव्हते. सोळाव्या शतकाच्या आरंभी मलाक्यात राहिलेला पोर्तुगीज तोमे पिरेश तिथे येणाऱ्या व्यापाऱ्यांची लांबलचक यादी देतो. त्यात कैरो, मक्का, एडनच्या लोकांबरोबर चौल, दाभोळ आणि गोव्याचेही लोक आहेत. मलाक्याच्या सुलतानांची नाणीसुद्धा कथलाची होती. पंधराव्या शतकाच्या मध्यास राज्य करणाऱ्या सुलतान मुजफ्फरशहाचे नाव असलेली, अरबी अक्षरांची ती छोटी नाणी आज संग्रहालयांत दिसतात. १५१० मध्ये गोवा घेतल्यावर अल्बुकर्कने १५११ मध्ये मलाक्का जिंकले आणि तिथे स्वतःची कथलाची नाणी पाडायला सुरुवात केली. सुलतानाची नाणी ज्याच्याजवळ असतील त्याने ती टांकसाळीत आणून द्यावीत, नाहीतर देहान्त शासन, अशी दवंडी पिटवली. नाणी गोळा झाली ती अर्थातच मुशीत जाण्यासाठी. एका राज्याचे नाव वितळले आणि त्याच धातूवर दुसऱ्याचे उमटले. जुने कथील गोळा करण्याचा इतका उघडावाघडा राजकीय हेतू इतिहासात क्वचितच दिसतो. पोर्तुगीज भाषेत कथलासाठी ‘कलाईम’ हा शब्द रुजला तोही याच किनाऱ्यांवरून.

आता लंडनकडे वळू, कारण जुने प्यूटर विकत घेण्याच्या धंद्याचे सर्वांत सविस्तर कागद तिथे आहेत. इंग्लंडला स्वतःच्या कथलाच्या खाणी होत्या, कॉर्नवॉल आणि डेव्हन परगण्यांत. लंडनच्या प्यूटर कारागिरांनी १३४८ मध्ये नगरपालिकेकडून आपले नियम मंजूर करून घेतले. त्या नियमांत मालाचे दोन दर्जे ठरले. ताटल्या आणि तत्सम भांडी उत्तम धातूची, म्हणजे कथलात जेवढे तांबे सहज सामावेल तेवढे घालून केलेली. इतर काही भांड्यांना मात्र शिसे घालण्याची मुभा, तीही ठरलेल्या प्रमाणातच. पुढे या कारागिरांच्या संघाला राजाची सनद मिळाली आणि देशभर फिरून मालाची झडती घेण्याचा अधिकारही मिळाला. झडती घेणारे दुकानात शिरत, वजन करत, खोटा माल जप्त करून तोडत आणि मुशीत टाकत.

संघाची कसोटी फार साधी होती आणि आम्हांला ती फार आवडते. एका साच्यात खात्रीच्या शुद्ध कथलाची गोळी ओतायची. त्याच साच्यात संशयित धातूची गोळी ओतायची. दोन्ही गोळ्या आकाराने तंतोतंत सारख्या. आता तराजू उचला. शिसे कथलापेक्षा दीडपटीहून जड आहे, म्हणून संशयिताची गोळी जितकी जड तितकी त्यात भेसळ अधिक. ना आम्ल, ना भट्टीचा तमाशा. ज्याला अक्षरओळख नाही त्यालाही कळावी अशी ही परीक्षा.

सातव्या हेन्रीच्या कारकिर्दीत १५०३-०४ मध्ये इंग्लंडच्या पार्लमेंटने एक कायदा केला. त्याचा रोख होता गावोगाव, घरोघर फिरून जुने प्यूटर आणि पितळ विकत घेणाऱ्या फेरीवाल्यांवर. कायद्याच्या प्रास्ताविकात तक्रारी मांडल्या आहेत. हे लोक खोटी काटकसनी आणि खोटी वजने वापरतात, अज्ञ लोकांना फसवतात, चोर आपला माल त्यांच्याकडे आणून देतात आणि ते तो आडबाजूला नेऊन खपवतात. म्हणून यापुढे हा माल उघड्या जत्रेत, बाजारात किंवा स्वतःच्या घरातच विकावा. प्रत्येक कारागिराने आपल्या मालावर आपली खूण ठोकावी, म्हणजे खोटा माल कुणाचा ते कळेल.

या तक्रारी खोट्या होत्या असे आम्ही म्हणत नाही. खोटे वजन हे पाप सगळ्या बाजारांत होते. अल्‌-मुतफ्फिफीन ही सूरा मापात मारणाऱ्यांवरच आली, ती काही इंग्लंडच्या फेरीवाल्यांसाठी नव्हे. पण कायदा कुणी मागितला तेही पाहायला हवे. तो मागितला शहरातल्या बसल्या दुकानदार कारागिरांनी. जुने प्यूटर हा त्यांचा कच्चा माल होता. खाणीतून येणारे नवे कथील महाग, आणि गावातल्या घराघरांत पडलेले चेपलेले ताट स्वस्त. ते ताट आधी कुणाच्या हाती जाते, यावर नफा अवलंबून होता. फिरता माणूस गावात पोहोचून ते घेऊन येई, म्हणून तो चोर ठरला. दुकानदार तेच ताट ‘बदली’त घेई, तो प्रतिष्ठित राहिला. कायद्याने चोराला पकडावे, हे योग्यच. पण पायी चालणे हीच चोरीची खूण धरणे, ही वेगळी गोष्ट आहे.

ही ‘बदली’ आपल्या मोडीसारखीच होती. प्यूटरच्या ताटलीवर सुरी चालून चालून चरे पडत, कड वाकत असे. काही वर्षांनी गिऱ्हाईक ती कारागिराकडे नेई, जुन्या धातूचे वजन जमा होई आणि तो घडणावळ घेऊन नवी ताटली देई. कारागीर जुनी वितळवून पुन्हा ओतत असे. साचे काशाचे किंवा पितळेचे आणि इतके महागडे, की एकेक साचा अनेकजण सामाईक वापरत. एवढी घरोघर असलेली वस्तू, आणि मध्ययुगातले नमुने मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. कारण एकच. जुने भांडे हेच नव्या भांड्याची खाण होते.

अटलांटिकपलीकडच्या इंग्रज वसाहतींत तर ही गोष्ट टोकाला गेली. तिथे कथलाची खाण नव्हती. इंग्लंडला आपली तयार भांडी वसाहतींत खपवायची होती, म्हणून कच्च्या कथलावर जकात आणि तयार भांडी मोकळी, असा बंदोबस्त होता. अठराव्या शतकातला अमेरिकन कारागीर मग काय करणार? तो इंग्लंडहून आलेलीच जुनी भांडी मोडीत घेई, वितळवी आणि त्यांवर स्वतःची खूण ठोकी. विलायती मालाच्या मोडीतून देशी माल. कच्चा माल अडवून पक्का माल लादण्याचा हा खेळ आपल्या विणकरांच्या इतिहासात आपण वेगळ्या रूपात पाहिलेला आहे, म्हणून जास्त सांगत नाही.

लंडनच्या संघाने गोळीची कसोटी लावली तशी कसोटी पूर्वेत नव्हती काय? होती, आणि ती अधिक खोल होती. गझनीच्या दरबारी राहिलेल्या अल्‌-बिरूनीने धातूंचे आणि रत्नांचे तुलनात्मक वजन मोजण्यासाठी निमुळत्या तोंडाचे, नळी असलेले भांडे तयार केले. पाण्याने काठोकाठ भरलेल्या त्या भांड्यात धातू टाकायचा आणि नळीतून सांडलेले पाणी तोलायचे. सोन्याचे वजन शंभर धरले तर त्याच आकारमानाच्या इतर धातूंचे किती, असे त्याने मांडले. त्यानंतर मर्वच्या अल्‌-खाजिनीने हिजरी ५१५ म्हणजे इ.स. ११२१-२२ मध्ये ‘किताब मीजान अल्‌-हिकमा’ हा ग्रंथ लिहिला. त्यातला तराजू पाण्यात तोलणारा. दागिना न मोडता, न वितळवता त्यात कशाची किती भेसळ आहे हे सांगणारा. हा अल्‌-खाजिनी मुळात गुलाम म्हणून आलेला ग्रीक मुलगा होता, हे आम्ही वर्गात मुद्दाम सांगतो.

बाजारावर देखरेख करणाऱ्या मुहतसिबासाठी बाराव्या शतकात शामच्या अल्‌-शैजरीने जी मार्गदर्शिका लिहिली, तिच्यात तांबटांनाही नियम आहेत. मोडीचे तांबे आणि कधीच न वापरलेले नवे तांबे एकत्र वितळवू नये, दोन्ही वेगवेगळे ओतावे, असे तो बजावतो. ज्याला जुनी धातू वितळवायची आहे त्याने हे वाक्य भट्टीपाशी लिहून ठेवावे. जुन्या धातूच्या पोटात काय दडले आहे ते माहीत नसते, आणि एक वाईट तुकडा सगळी मूस नासवतो.

आणि अबुल फजल! ‘आईन-ए-अकबरी’त मिश्रधातूंची यादी देताना तो ‘सफीदरू’ सांगतो, ज्याला हिंदुस्थानात कांसे म्हणतात, चार शेर तांब्याला एक शेर कथील. त्याच्या पाठोपाठ ‘रूई’, चार शेर तांब्याला दीड शेर शिसे, आणि म्हणतो की हिंदुस्थानात याला ‘भंगार’ म्हणतात. म्हणजे अकबराच्या काळी भंगार हे कचऱ्याचे नव्हे, एका ठराविक मिश्रणाचे नाव होते. आज आपण मुंबईत ज्याला भंगारवाला म्हणून हाक मारतो, त्याला हे सांगून पाहावे. आम्ही सांगितले तेव्हा तो हसला आणि म्हणाला, “सर, तो हम बादशाही आदमी हैं.”

आता हा जुना इल्म आज कसा वापरावा, ते थोडे सांगतो. छोट्या मूर्ती, बिल्ले, बटणे, दागिन्यांचे नमुने ओतणारे हौशी लोक आणि छोटे कारखानदार आजही जुने प्यूटर शोधतात. नव्या कथलाचा भाव तांब्याच्या भावापेक्षा कितीतरी जास्त असतो, आणि बाजारात जुना विलायती पेला पुष्कळदा शिशाच्या किंवा ‘मिक्स’च्या भावात पडलेला दिसतो.

पहिली नजर बुडावर टाकावी. खूण, अक्षरे, मुकुट, गुलाब, काही आहे काय? ब्रिटानिया धातू म्हणजे कथील, अँटिमनी आणि तांबे यांचे मिश्रण. ते अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात शेफील्डमध्ये सुरू झाले. त्यावर चांदीचा मुलामा असेल तर ‘ईपीबीएम’ ही इंग्रजी अक्षरे सापडतात. आतला धातू ओतकामाला चांगला, मुलामा मात्र आधी काढावा. ‘ईपीएनएस’ अशी अक्षरे असली तर आत जर्मन सिल्व्हर आहे, म्हणजे तांबे, निकेल आणि जस्त. ते हजार अंशांच्या पुढे वितळते, तुमच्या कामाचे नाही. हातात घेतल्यावर भांडे आकाराच्या मानाने फारच हलके लागले तर ते ॲल्युमिनियम आहे. लोहचुंबक चिकटला तर वरचा धातू नुसता रंग आहे. काळपट, चांदीच्या तारेची नक्षी असलेली सुरई दिसली तर ती बिदरी असू शकते. बिदरीचा पाया जस्ताचा असतो आणि तिच्याशी मुशीचा काहीही संबंध येऊ देऊ नये, धातूसाठीही नाही आणि अदबीसाठीही नाही.

दुसरी परीक्षा कागदाची. धातूची कड पांढऱ्या कागदावर घासावी. शिसे बरेच असेल तर पेन्सिलीसारखी करडी रेघ उठते. चांगले प्यूटर रेघ ओढत नाही. तिसरी परीक्षा कानाची. कथलाची पातळ कांब कानाजवळ धरून वाकवली तर आतून करकर ऐकू येते. आतले स्फटिक एकमेकांवर सरकून वळतात त्याचा तो आवाज. त्याला कथलाचे रडणे म्हणतात. शिसे वाढले की हे रडणे मुके होते.

चौथी परीक्षा अल्‌-खाजिनीची. आठवीच्या मुलांकडून ती आम्ही स्प्रिंगच्या काट्यावर करून घेतो. तुकडा हवेत तोलावा, मग दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवून तोलावा. समजा हवेत ३६५ ग्रॅम भरला आणि पाण्यात ३१५. घट ५० ग्रॅम. ३६५ ला ५० ने भागा, ७.३ येतात. ही कथलाची घनता. त्याच वजनाचा तुकडा पाण्यात ४६ ग्रॅमच घटला, तर उत्तर ७.९ च्या आसपास येते आणि त्यात पाचवा हिस्सा शिसे असण्याचा संभव असतो. ८.५ आले तर शिसे ४० टक्क्यांवर गेलेले, किंवा तो तुकडा मुळी पितळेचा. रंग पाहून ते कळेल. पण एक धोका आहे. जस्ताची घनता ७.१, म्हणजे कथलाच्या अगदी शेजारी. पाण्याचा तराजू जस्ताला पकडू शकत नाही.

तिथे आग कामी येते. कथील २३२ अंशांना, शिसे ३२७ अंशांना, जस्त ४१९ अंशांना वितळते. कथील आणि शिशाचे मिश्रण तर १८३ पासूनच नरम होऊ लागते. म्हणून लोखंडी पळीत एक छोटा तुकडा घेऊन मंद आचेवर धरावा. कथील पाण्यासारखे झाले तरी जस्त तसेच बसून राहते. तो तुकडा चिमट्याने बाहेर काढावा आणि मुशीत जाऊ देऊ नये. जस्त मिसळलेले प्यूटर साच्यात नीट वाहत नाही, दाणेदार होते. तुकडा पूर्ण कोरडा असला पाहिजे, ही ताकीद सर्वांत आधी द्यायला हवी होती. ओलसर तुकडा वितळलेल्या धातूत पडला की पाण्याची क्षणात वाफ होते आणि धातू उसळून तोंडावर येतो.

शिशाचे काय करायचे? शिशाच्या बाबतीत आम्ही जरा कडक आहोत. जुन्या, खूण नसलेल्या प्यूटरमध्ये शिसे असते असे गृहीत धरूनच चालावे. त्यातून खाण्यापिण्याची वस्तू, चमचा, पेला, लहान मुलाचे खेळणे कधीही ओतू नये. वितळवण्याचे काम स्वयंपाकघरात नाही, मोकळ्या हवेत. वर येणारी राखट साय कागदात बांधून वेगळी ठेवावी, झाडलोटीत जाऊ देऊ नये. ती धूळ पोटात जाणे हाच खरा धोका आहे, आणि घरात रांगणारे मूल असेल तर दुप्पट. कल्हईच्या बाबतीतही हाच प्रश्न आहे. कथलात शिसे मिसळून स्वस्त कल्हई केली तर ती चकाकते तशीच, पण चिंचेच्या सारात काय उतरते ते दिसत नाही. उर्दूत एखाद्याचे बिंग फुटले की ‘कलई खुल गई’ म्हणतात. कल्हई उडाल्याने आतले तांबे दिसते एवढेच त्या म्हणीला ठाऊक होते. खुद्द कल्हईच खोटी असेल तर कोणती म्हण लावावी? सुरम्याचेही असेच आहे. जुना इस्मिद म्हणजे अँटिमनीचा दगड, असे हकिमांचे मत. पण सुरमा म्हणून बाजारात जे विकले जाते त्यातले पुष्कळसे शिशाच्या खनिजाचे असल्याचे तपासण्यांत पुन्हा पुन्हा आढळले आहे. तेव्हा नवजात बाळाच्या डोळ्यांत सुरमा घालणाऱ्या दादी-नानींना अदबीने थांबवावे, असे आम्ही पालकसभेत सांगत असतो.

पुन्हा कायद्याकडे येऊ, कारण ती गोष्ट अर्धी राहिली आहे. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात लंडनच्या दारूगुत्त्यांतून प्यूटरचे पेले सर्रास चोरीला जात आणि गल्लीतल्या जुन्या धातूच्या दुकानात वितळून जात. पेला वितळला की मालकाची खूण गेली, खूण गेली की पुरावा गेला. त्यावर १८७१ च्या गुन्हेप्रतिबंधक कायद्याने नामी तोड काढली. जुन्या धातूच्या व्यापाऱ्याने एका वेळी ठराविक वजनापेक्षा कमी माल विकत घ्यायचाच नाही. शिशाला ११२ पौंडांची मर्यादा, प्यूटरला ५६ पौंडांची. ५६ पौंड म्हणजे सुमारे २५ किलो. म्हणजे दोन पेले विकायला आलेली विधवा आणि दोन पेले चोरून आलेला पोरगा, दोघांनाही एकच दार बंद. उघडे राहिले ते फक्त ज्याच्याकडे २५ किलो माल आहे त्याला. चोरी थोपवायला म्हणून केलेल्या कायद्याने छोट्या माणसाचा छोटा व्यवहारच संशयास्पद ठरवला.

आपल्याकडे १८६० च्या भारतीय दंड संहितेतील कलम ४११ चोरीचा माल जाणूनबुजून घेणाऱ्यास लागू होते. १ जुलै २०२४ पासून त्याची जागा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ ने घेतली आहे. दोन्हींत मर्म एकच, माल चोरीचा आहे हे माहीत असणे किंवा तसे मानायला कारण असणे. कायद्याची भाषा रास्त आहे. पण वस्तीत एखादी तांब्याची तार चोरीला गेली की आधी कुणाचे गोदाम उघडायला लावतात, हे आमच्या वाचकांना सांगायला नको. मुंबईच्या मटण स्ट्रीटच्या बाजाराचे मूळ नाव गलबल्यावरून ‘शोर बाजार’ होते आणि साहेबाच्या जिभेवर त्याचे ‘चोर बाजार’ झाले, असे तिथले लोक सांगतात. खरे असो वा नसो, नाव चिकटले. पिढ्यानपिढ्या पावती करून धंदा करणारा दुकानदारही त्याच नावाच्या पाटीखाली बसतो.

आम्ही त्या बाजारात जातो तेव्हा शुक्रवार टाळतो, कारण त्या दिवशी पक्की दुकाने बंद असतात आणि फुटपाथवर गर्दी. एका दुकानात काचेच्या बुडाचे दोन पेले होते. दुकानदाराने विचारण्याआधीच नख मारले, टिचकी वाजवली, कड कागदावर ओढून दाखवली आणि म्हणाला, “यह जस्त नहीं, रांगा है. शीशा कम है.” त्याने ना अल्‌-खाजिनी वाचला होता ना लंडनच्या संघाचे नियम. वालिदसाहेबांकडून शिकला होता. मागच्या सहीसारख्या खुणेकडे बोट दाखवून त्याने एक गोष्ट आणखी सांगितली, की खूण असलेला माल तो गाळणाऱ्याला देत नाही, शौकिनासाठी ठेवतो.

हे मात्र ज्यांना ओतकामासाठी प्यूटर घ्यायचे आहे त्यांनी जरूर ऐकावे. लंडनच्या कारागिरांच्या खुणा जिच्यावर उमटवून ठेवत ती जुनी पाटी १६६६ च्या आगीत गेली असे मानतात. १६६८ पासूनच्या पाच पाट्या संघाकडे आजही आहेत आणि त्यांवर हजाराहून अधिक खुणा आहेत. तुमच्या हातातल्या चेपलेल्या ताटलीवरची पुसट खूण त्यांपैकी एखाद्याची असू शकते. ती आधी मऊ कागद ठेवून पेन्सिलीने उतरवून घ्यावी, कुणा जाणकाराला दाखवावी. वितळवायला खूण नसलेली, तुटलेली, अलीकडची भांडी पुष्कळ मिळतात. तोडलेले हँडल, फुटक्या मेणबत्तीदाण्या, बक्षिसांचे वाकलेले पेले, एवढ्यावर कुणाचेही छोटे ओतकाम वर्षभर चालेल. घेताना पावती मागावी. दुकानदार आनंदाने देतो, आणि त्या कागदावर त्याचे नाव-पत्ता छापलेला असतो.